टेकडीवरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जंगलात झाडाला बांधून ठेवतात आणि समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो, त्या जातीचा. सध्या नल्लकुंटा नावाच्या शहरी वस्तीतल्या एका ऑफिसात धूळ खात पडलोय.

एके काळी माझा फार थाट होता. प्रणिता नावाच्या संशोधक मुलीने मला दगडधोंड्यांच्या एका उघड्या टेकडीवर बांधलं होतं. तिथे कपारीतून अस्वलाची मादी बाहेर आली, पाठीवर दोन पिल्लं. तिने माझा पट्टा चावून पाहिला आणि थू करून सोडला. तो फोटो पाहून प्रणिता ऑफिसभर नाचली.

अस्वलं जिथे दिसली ती ठिकाणं ठिपके म्हणून कॉम्प्युटरला द्यायची. तिथली झाडी, पाणी, वस्ती बघून तो अस्वलांना कुठे राहता येईल याचा नकाशा काढतो. हिरवं म्हणजे राहण्याजोगं, पांढरं म्हणजे नाही. बाकीचे सगळे ठिपके दाट जंगलात होते. माझ्या एकट्याच्या ठिपक्याने कॉम्प्युटर गोंधळला.

"तो ठिपका नक्को," प्रणिताचे मार्गदर्शक हिम्मतराव सर म्हणाले. "समदा नकाशा खराब करायला लागलाय. चुकून आली असंल."

"सर, दोन पिल्लं पाठीवर घेऊन चुकून कोण येतं?"

"हौ, मग बस त्याच्यासंगं. शोधनिबंध सादर करायचा हाय, का अस्वलं पाळायचीत?"

प्रणिताने ठिपका काढला. नकाशा देखणा झाला, टाळ्या पडल्या. टेकडी पांढरी राहिली. खाणवाल्यांनी तोच नकाशा पुढे करून टेकडी फोडायची परवानगी मिळवली.

सुरुंग लागल्याचं कळलं तेव्हा प्रणिताला राहवलं नाही. तिने मला पायथ्याच्या सीताफळीच्या बागेत कडुलिंबाला बांधलं. कपार ढासळली होती. मादी उपाशीपोटी बागेत उतरली तेव्हा पाठीवर एकच पिल्लू होतं. घाबरलेली माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावली. मला डोळा मिटता येत नाही, मित्रांनो. हलेल ते टिपायचं, एवढंच मला येतं. आणि ती बराच वेळ हलत होती. पिल्लाने शेवटपर्यंत तिच्या पाठीवरचे केस सोडले नाहीत. मग त्यालाही मारलं.

प्रणिताने ते फोटो सरांपुढे ठेवले. सरांनी सगळे पाहिले, चष्मा पुसला.

"वाईट झालं गं," ते म्हणाले. "पर बघ, आता टेकडीवर अस्वल न्हाई. आपला नकाशा बरोबरच हाय."

प्रणिताने फोटो गोळा केले आणि मला कपाटावर ठेवून दिलं. त्या दिवसापासून तिने मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही नकाशे काढाल. एखादा ठिपका आड आला, तर पुसण्याआधी तिथे कोण राहतं ते जाऊन बघा. ते जिवंत आहे तोवर बघा.