अक्रोडाखालची रांग

रविवारची उपासना आटोपली की चर्चमागच्या हॉलमध्ये चहा असायचा. त्या दिवशी किटली नेरिडाच्या हातात होती. बोलायची तिला मुळीच इच्छा नव्हती, म्हणून तिनं मुद्दाम चहा वाटण्याचं काम अंगावर घेतलं होतं. हात गुंतलेला असला की लोक फार खोलात शिरत नाहीत.

ग्वेंडा मात्र शिरलीच. तिच्या गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत रस्त्यावर आई गमावलेलं वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूचं, पिल्लू. चर्चमध्ये आता त्याकडे कुणी वळूनही बघत नसे. तिच्याकडे कायम कुठलं ना कुठलं पोरकं जनावर असायचंच.

"टॅन्सी गेली म्हणे तुमची," ती हळूच म्हणाली.

"शुक्रवारी. घरातच, शेगडीपुढे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सुई दिली आणि एक मोठा श्वास सोडला तिनं. बस्स."

"सुटली गं बिचारी. असं शांत मरण माणसाला तरी कुठं येतं? राख कधी देणार आहेत?"

"राख कुठली, ग्वेंडा! दहनाचा आकडा ऐकून अ‍ॅथॉलनं हातच जोडले. आमच्या सगळ्या कुत्र्या अक्रोडाखाली आहेत, ही पण तिथंच."

ग्वेंडाचा कप ओठांपाशीच थांबला.

"सुई दिलेली? आणि पुरलीत? किती खोल?"

"खोल म्हणजे... गुडघाभर झालं असेल. त्याच्या छातीच्या ऑपरेशनचे टाके अजून ओले, मग मीच खणलं. खाली सगळा खडक आहे. वर दगड रचलेत चांगले."

"अगं बाई माझे! जनावर मरतं, ते औषध नाही मरत. महिनोन्‌महिने अंगात तसंच राहतं. ज्यानं तोंड लावलं तो तिथंच आडवा. डोंगरापलीकडे एका शेतावर असंच झालं होतं, गरुडाची जोडीच्या जोडी पडलेली, मी स्वतः उचलून आणली." तिनं पिशवीवर हात ठेवला. "तुमच्या गवताच्या शेडखाली ती डेव्हिलीण आहे ना अजून? पिल्लांवाली? ते काळं जनावर तर मेलेलं वासावरून उकरून खातं."

किटलीतला चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर सांडत होता, हे नेरिडाला दुसऱ्याच कुणीतरी ओरडून सांगितलं.

घरी जाताना तिनं ट्रक एवढा हळू हाकला की मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. घाई तर होती, पण टायर पार गुळगुळीत झालेले. नव्या टायरसाठी बाजूला ठेवलेले पाचशे डॉलर शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या घरभेटीत आणि सुईत गेले होते. राख परत हवी असेल तर दहनाचे आणखी चारशे, दहाबारा जनावरांबरोबर एकत्र चालणार असेल तर त्याच्या निम्मे, असं बाईंनी अगदी जपून, खाली बघत सांगितलं होतं. "एका कुत्रीच्या होळीसाठी चारशे?" तिचा नवरा अ‍ॅथॉल म्हणाला होता. बाईंनी निघताना नेरिडाचा हात धरला होता. "खोल पुरा हं. खूप खोल." रडता रडता नेरिडानं मान हलवली होती. खोल कशासाठी, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. कुत्री पुरायची कशी हे ह्या डोंगरात कुणी कुणाला विचारत नाही. सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं. कुत्रं थकलं की घरधनी बंदूक घेऊन त्याला बागेच्या टोकाला न्यायचा, एक बार ऐकू यायचा, आणि संध्याकाळपर्यंत अक्रोडाखाली आणखी एक दगड असायचा. त्या सगळ्या दगडांखाली नुसती हाडं होती. ह्या एकाच दगडाखाली विष होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातांनी तिथं ठेवलं होतं.

फाटकाशी ट्रक उभा करून ती चर्चच्याच बुटांत थेट अक्रोडाकडे गेली.

दोन दगड बाजूला लोळलेले. त्यांच्या जागी ताटाएवढा खड्डा, आणि खड्ड्यातून हिरव्या चौकटीच्या घोंगडीचं टोक बाहेर ओढलेलं. टोक चावून चिंध्या झालेलं होतं.

 ती खाली वाकली खरी, पण आत हात घालायचं धाडस होईना.

"नेरी! जेवणाचं काय?" अ‍ॅथॉल व्हरांड्यातून हाक मारत होता.

तो चर्चला येत नसे. देवाशी आपलं वैर नाही, तिथली बाकं टोचतात, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याला सगळं सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्या. तो खुर्चीतून हलला नाही.

"ग्वेंडाला काय, वॉलबीला शिंक आली तरी रात्रभर जागते. दगड सरकले असतील पावसानं."

"पाऊस घोंगडी चावतो?"

"बरं, मग चावली. काय करू म्हणतेस?"

"वर काढायची. कोल्डरूममध्ये ठेवायची आणि उद्या दहनवाल्याला फोन करायचा."

"एकदा मातीत ठेवलेलं मी उकरणार नाही." त्याचा आवाज चढला. "आणि कुणासाठी? त्या काळ्या चोरांसाठी? कोंबड्यांचं एक पीसही ठेवलं नव्हतं त्यांनी. रोज रात्री शेडखाली नरडी फाडून भांडतात, माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. मेले तर सुखानं झोपेन."

"असं बोलू नकोस, अ‍ॅथॉल."

"का? तुझा देव ऐकतोय?"

"मी ऐकतेय," ती म्हणाली.

ती आत गेली, बूट बदलले, फावडं घेतलं. तिला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. एकच विचार डोक्यात घोंघावत होता. काल रात्री त्या मादीनं खाल्लं असेल, तर आज ती पिल्लांना दूध पाजताना तशीच निजून राहिली असेल. आणि पिल्लं तिला ढुसण्या देत असतील. वसंतात पहिल्यांदा ती पिल्लं बिळाच्या तोंडाशी आली होती, तेव्हा टॅन्सी व्हरांड्यातून नुसती बघत बसली होती. भुंकली नव्हती. म्हातारपणात तिला सगळेच चालायला लागले होते.

जाताना नेरिडा शेडपाशी थांबली. फळीखालच्या अंधारात वाकून बघितलं. कुबट, उग्र वास आला. चाहूल काही लागली नाही. पण दिवसा ती जनावरं झोपलेलीच असतात. झोपलेलं आणि मेलेलं बाहेरून सारखंच दिसतं.

माती शुक्रवारचीच, भुसभुशीत होती, तरी दहा फावड्यांत तिला धाप लागली. मागे पावलं वाजली. अ‍ॅथॉल सफरचंदाचं रिकामं खोकं ओढत आणत होता. ते उपडं टाकून तो त्यावर बसला. हातात तिचं कुंड्यांचं खुरपं होतं.

"तुला डॉक्टरनं काय सांगितलंय?" ती म्हणाली.

"किटलीपेक्षा जड उचलायचं नाही. हे किटलीपेक्षा हलकं आहे."

तो खुरप्यानं घोंगडीच्या कडेची माती ओढू लागला.  एवढ्या उन्हातही त्याच्या ओठांना रंग नव्हता, आणि नेरिडाचं अर्धं लक्ष त्या ओठांकडे होतं.

"गुरुवारी तू बाजारात गेली होतीस," तो मातीकडे बघत म्हणाला. "मी बंदूक काढली होती."

तिचं फावडं थांबलं.

"नेली तिला बागेच्या टोकाला. नेली म्हणजे काय, तिला चालवेना, मला उचलवेना. पाच पावलं टाकायची आणि बसायचं, दोघांनीही. तिथं पोचलो तर ही माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसली. मी म्हटलं, जरा दम खाऊ दे हिला. मग म्हटलं, जरा मला खाऊ दे. मग आलो परत." त्यानं खुरपं मातीत खुपसलं. "बाबांनी आयुष्यात असं केलं नसतं. त्या दिवशी एक गोळी घातली असती तर टायरचे पैसे वाचले असते आणि ही मातीही स्वच्छ राहिली असती. माझ्या भेकडपणानं सगळ्या बाजूंनी खड्ड्यात घातलं आपल्याला."

 तो मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या मानेवर माशी बसली होती, ती त्यालाही कळत नव्हती. तिनं माशी हाकलली.

"पाय तिकडे घे," ती म्हणाली. "मला त्या बाजूनं खणायचंय."

घोंगडी मोकळी झाली. एका बाजूनं ती फाटली होती. नेरिडानं गुडघे टेकले, डोळे मिटून दोन शब्द म्हटले आणि कापड उलगडलं. टॅन्सीचा मागचा पाय दिसला. घोट्याजवळचे केस निघाले होते, कातडी सोललेली होती. मांस गेलं होतं की नुसतं ओरबाडलं होतं, ते कळेना.

"खाल्लंय?" अ‍ॅथॉलनं विचारलं.

"माहीत नाही. थोडं. नाही. खरंच कळत नाही रे."

"एवढंसं खाल्लं तर?"

"ग्वेंडा म्हणाली, ज्यानं तोंड लावलं तो."

तिनं घोंगडी परत घट्ट लपेटली. दोघांनी मिळून ती खोक्यात ठेवली, खोकं हातगाडीवर, आणि गाडी तिनं ढकलली. चेरीचा हंगाम महिनाभर लांब, म्हणून कोल्डरूम रिकामी, बंद पडून होती. अ‍ॅथॉलनं स्वतःच बटण दाबलं. एरवी एक दिवस आधी ती चालू झाली तर विजेच्या नावानं ओरडणारा माणूस. यंत्र खोकून सुरू झालं.

मग तिनं खड्ड्यातली वरची माती, चिंध्या, सापडले तेवढे केस, सगळं पोत्यात भरलं आणि तेही आत ठेवलं. हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. सूर्य डोंगराआड जाताना ती व्हरांड्यात येऊन बसली.

संध्याकाळी मेणबत्ती लावून प्रार्थना म्हटल्याशिवाय जेवायचं नाही, हा तिचा किती वर्षांचा नेम. लग्नाच्या दिवशीही मोडला नव्हता. आज मेणबत्ती आत टेबलावर होती, काडेपेटी तिच्या मांडीवर, आणि तिच्यानं उठवेना. कुणासाठी काय मागायचं? चूक करून झाल्यावर ती दुसऱ्याला बाधू नये म्हणून मागणं, हे तिला फार हावरटपणाचं वाटत होतं.

"ते साधारण कधी सुरू करतात?" अ‍ॅथॉलनं विचारलं. तो शेजारच्या खुर्चीत शाल पांघरून बसला होता.

"तूच सांग. तुझीच झोप मोडतात."

"आत्तापर्यंत करतात. बहुधा करतात." तो पुढे वाकला. "तुला काही ऐकू येतंय?"

"कोल्डरूम."

"बंद करू?"

"नको!"

झाडांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत दोघांनी श्वास धरला. खाली तळ्यात बेडूक सुरू झाले. शेडकडे काहीच नव्हतं. शेड नुसतं उभं होतं. अ‍ॅथॉलचं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करत होतं, तिनं त्यावर आपला हात ठेवला.

"मी ग्वेंडाच्या बागेत मजुरीनं चेरी तोडायला जाईन," ती म्हणाली. "दहनाचे पैसे निघतील."

"ह्या वयात शिडीवर चढणार?"

"खालच्या फांद्या तोडीन."

"खालच्या फांद्यांना चारशे डॉलर लागत नाहीत, नेरी." मग जरा वेळानं, "राख परत मिळते म्हणाली ना ती डॉक्टरीण? चारशेवाल्यात?"

"हो."

"मग तेच करायचं. दहाजणींत नको. ती कधी दुसऱ्या कुत्र्याशेजारी बसली नाही." त्यानं अक्रोडाकडे बघितलं, अंधारात आता तो दिसतही नव्हता. "खड्डा बुजवू नकोस. राखेसाठी तयारच आहे."

तेवढ्यात शेडखालून आवाज आला.

खरखरीत, घशातून ओढून काढलेला, माणसाच्या अंगावर काटा यावा असा. पाठोपाठ तारस्वरातली किंकाळी. मग काहीतरी फळीवर आपटलं आणि पुन्हा तीच किंकाळी, रागानं फाटलेली, जिवंत.

"भांडतायत मेले," अ‍ॅथॉल म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता.

"ती आहे ना? तिचाच आहे ना आवाज?"

"तिचाच. दुसऱ्या कुणाला एवढं शिव्या देता येतं?"

नेरिडा उठून कठड्यापाशी गेली, कान देऊन उभी राहिली. मोठीचा आवाज स्पष्ट होता. मधूनच एक बारीक चिरका आवाज त्यात मिसळत होता, तो पिल्लाचा असावा. एकाच पिल्लाचा की सगळ्यांचा, हे काही केल्या उलगडेना. ती तशीच ऐकत राहिली. मग आत जाऊन तिनं काडी ओढली. पहिली विझली. दुसरीनं मेणबत्ती लागली.

"दार उघडंच ठेव," बाहेरून अ‍ॅथॉल म्हणाला. "ऐकू येऊ दे त्यांचं."