दार लावून

ज्या घरात कुणी दार लावून खाईल, त्या घराचं दार बोटभर अरुंद होऊ लागलं. बटाट्याचं पीक जमिनीतच काळं पडून सडलं, त्या हिवाळ्यात हे सुरू झालं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलवारा गावात कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. जेवताना दार उघडं ठेवायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, ही तिथली रीत. ती मोडल्यावर काहीतरी बिनसणारच.

मग काय, जो तो दुसऱ्याच्या दारावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागला. एके सकाळी विणकराचं दार भिंतीत पार मिटून गेलं, तरी कुणी हळहळलं नाही. "म्हणजे खात होता मेला," एवढंच लोक म्हणाले.

ग्रानियाचं दार रोज दोन बोटं आक्रसत होतं.

तिच्या स्वतःच्या पोटात तर पाण्याशिवाय काही जात नव्हतं. म्हणजे खाणारा कॉर्मकच, तिचा नवरा. तो सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जायचा. परत आला की ती शाल झटकण्याच्या निमित्तानं त्याच्या तोंडाचा वास घेई. वास उपाशी माणसाचाच यायचा. पक्का बेरकी आहे, तिनं मनाशी म्हटलं, तोंड धुऊन येतो. कॉर्मकही तिच्याकडे तसाच तिरका बघत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात; इथे दोघंही उपाशी आणि दोघांनाही खवखवत होतं.

शेजारीण पेग रोज येऊन दाराशी उभी राही. तिचं दार अजून ऐसपैस होतं. तिचा नवरा आणि मुलगा त्याच दारातून लोकांच्या खांद्यांवर आडवे होऊन बाहेर गेले होते.

"आणखी दोन बोटं," ती म्हणाली. "काय शिजवलंस गं?"

"काही नाही."

"दार खोटं बोलत नाही, ग्रानिया."

मग एक दिवस कॉर्मकला अंग चोरूनही बाहेर पडता येईना. त्याचं काम गेलं. दुपारी ग्रानिया चुलीपाशी झोपेचं सोंग घेऊन पडली. त्यानं दार ओढून घेतलं, टोपीच्या अस्तरातून मूठभर ओटचं पीठ काढलं, पाण्यात कालवलं आणि त्यांच्या लहानग्या ऊनाला भरवलं. स्वतः बोटही चाटलं नाही.

ग्रानिया उठून बसली. कारण तीही रोज हेच करत होती. बियाणं म्हणून पुरून ठेवलेले बटाटे उकरायची आणि कॉर्मक गेला की दार लावून ऊनाला भरवायची. लेकराच्या तोंडात घातलेलं काही खाणं होत नाही, असं तिनं धरलं होतं.

"एक बोट तुझं होतं," ती म्हणाली.

"आणि एक तुझं."

आपण या माणसाचं तोंड हुंगत होतो, याची तिला फार लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. दार आता जेमतेम ऊनाएवढं उरलं होतं.

"पेगला बोलावू," कॉर्मक म्हणाला. "असेल ते वाटून खाऊ. दार थांबेल कदाचित."

"एकच बटाटा आहे."

"रीत आहे ती."

"रीत राहू दे. पोर जगली पाहिजे."

तिनं उकडलेला बटाटा ऊनाच्या मुठीत कोंबला आणि तिला आडवी करून फटीतून बाहेर ढकललं. "किनाऱ्यानं मामाकडे जा. वाटेत खा. कुणाला दाखवू नकोस."

मुलीची टाच बाहेर पडली आणि भिंतीचे दगड सरकून जवळ आले. डोळा लावण्यापुरती फट राहिली. ग्रानियानं डोळा लावला.

ऊना शेताच्या बांधापर्यंत चालत गेली. भूक तिला धीर धरू देईना. तिनं इकडेतिकडे पाहिलं. बाहेर लावायला दार नव्हतं. ती बांधावर नीट बसली, बटाटा मांडीवर ठेवला आणि चांगल्या वळणाच्या मुलीसारखी मोठ्यानं हाक मारली :

"या, जेवायला या!"

ग्रानिया ओरडली. एवढ्या फटीतून आवाज बांधापर्यंत पोचत नव्हता.

गावातली ऐसपैस दारं तेवढी उघडली, ज्या घरांत कुणी काहीच खाल्लं नव्हतं ती. माणसं बांधाकडे चालू लागली. सगळ्यांत पुढे पेग होती, पाहुण्याबाईसारखी हात पुसत.