थांब्यांची नावं

काकूंनी तिला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली होती. हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्या खोलीतला सगळा संसार बाकीच्या घरात येऊन पडला होता. शिलाई मशीन जिन्याखाली, कापडांची बोचकी स्वयंपाकघरात, आणि काकू स्वतः बाहेरच्या खोलीत, काकांच्या कॉटशेजारी जमिनीवर गादी टाकून. "माझ्यासाठी एवढं कशाला?" असं तिला म्हणायचं होतं. पण निघण्याआधी घाईघाईनं शिकलेल्या त्यांच्या भाषेत तिला "खोली छान आहे" एवढंच जमलं.

ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शिक्षिका. परदेशातल्या एका शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून शिकवायचं आणि एका कुटुंबात राहायचं, असं एका स्वयंसेवी संस्थेनं ठरवून दिलं होतं. कुटुंब म्हणजे माणसं दोनच. काकू घरी कपडे शिवायच्या. काका बसचे कंडक्टर होते. ती येण्याच्या थोडं आधी, थंडी सुरू होता होता, त्यांना लकव्याचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा मागे राहिला होता, "बरं". भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, आणि सूप फार गरम असलं की डोळे वटारून बरं!

"लग्न झाल्यापासून माझ्या एका गोष्टीला बरं म्हणाला नाही हा माणूस," काकू म्हणाल्या. "आता बघ."

म्हणाल्या हसत, पण तिला काही हसू आलं नाही.

शाळेत तर वेगळीच तऱ्हा. तिला वाटलं होतं, जीभ अडली तरी हात चालतील, मुलांशी खुणांनी बोलता येईल. खुणांची भाषासुद्धा देशोदेशी वेगळी असते हे तिनं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि वर्गासमोर उभं राहणं वेगळं. तिनं 'पाणी' अशी खूण केली आणि अख्खा वर्ग पोट धरून हसला. आपण काय बोलून बसलो ते तिला कुणी सांगेना. मुख्याध्यापिकांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. "आधी तुम्ही शिका," त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. शिकवायला आलेली बाई पोरांच्या मागे बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहायची आणि संध्याकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायची. आईचा फोन आला की म्हणायची, "मस्त चाललंय गं."

पहिल्याच रविवारी काकूंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. काकांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते.

"हं, कर सुरू," काकू म्हणाल्या.

"काय?"

"अगं, ह्यांना बोलतं कर. न बोलणाऱ्यांना बोलायला शिकवणारी बाई येतेय, असं संस्थेच्या माणसानं सांगितलं. म्हणून तर हो म्हटलं आम्ही. नाहीतर या घरात पाहुणी ठेवायला जागा आहे कुठं?"

"काकू, मी लहान मुलं... ऐकू नाही येत, ती मुलं. हे वेगळं आहे."

"बोलणं ते बोलणंच की. आणि लहान मुलांना मुळात येतच नसतं, ह्यांना येत होतं. मग सोपंच ना?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. मराठीत असतं तर तासभर बोलली असती. त्या भाषेत मात्र तिला सुरुवातीचा शब्दही सापडेना. काका डाव्या हातानं शर्टाचं वरचं बटण चाचपत तिच्याकडे बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

ती खुर्चीवर बसली. "बघते," म्हणाली.

रोज संध्याकाळी ती त्यांच्यापुढे कप धरायची, चमचा धरायची. काका कपाकडे टक लावून बघत. ओठ थरथरत, मानेच्या शिरा फुगत, आणि एवढ्या खटपटीतून बाहेर काय यायचं, तर "बरं". मग ते चालत्या हातानं स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारून घेत. काकू दारातून म्हणायच्या, "होईल, होईल."

एकदा खुर्चीत बसल्या बसल्या ती बसथांब्यांची नावं पाठ करत होती. बसमध्ये कुणाला विचारायचा धीर होत नसे, म्हणून. "नाका, दवाखाना..." पुढचं तिला आठवेना.

"गोदाम," काका म्हणाले. "जुना पूल. शाळा. टपाल कचेरी. पुढं चला, पुढं चला!"

आवाज खणखणीत. मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

काकू ओठांत टाचणी धरून धावत आल्या. "परत!" ती पुन्हा "नाका, दवाखाना" म्हणाली, आणि पुन्हा सगळे थांबे ओळीनं आले. काकूंनी टाचणी काढून आधी तिचा मुका घेतला, मग काकांचा, आणि मग तशाच शेजाऱ्यांकडे धावल्या. त्या दिवसापासून रोज कुणी ना कुणी बघायला येऊ लागलं. काका थांबे म्हणत, लोक टाळ्या वाजवत, काकू डोळे पुसत.

तिला कळत होतं. वर्षानुवर्षं घोकलेलं असलं की ते जिभेवरून आपोआप घरंगळतं, आकडे येतात तसं, शिव्या येतात तसं. एकदा घरात कुणी नसताना तिनं हळूच विचारलं, "काका, शाळेच्या आधी कुठला थांबा?" त्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांत दिसत होतं की त्यांना माहीत आहे. शब्द येईना. हळूहळू डोळे भरले.

त्या संध्याकाळी लोकांसमोरही ते थांबे म्हणता म्हणता रडले. "आनंदानं रडतोय," शेजारी म्हणाला. ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

मग काकू शिवलेले कपडे पोचवायला गेलेल्या असताना फोन वाजला. पलीकडची बाई मोठ्या दवाखान्यातून बोलत होती. नीट कळेना म्हणून शिक्षिकेनं पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा, तेव्हा कुठं कळलं: तुमच्या पेशंटला आता गरज नाही असं तुम्ही कळवलंत, म्हणून स्पीच थेरपिस्टकडची त्यांची वेळ दुसऱ्याला दिली आहे.

काकू आल्या तेव्हा ती दारातच उभी होती. "काकू, दवाखाना बंद केलात?"

"हो मग! दोन बस बदलायच्या, ह्यांना उचलून न्यायला दर वेळी शेजाऱ्यांच्या पाया पडायचं. आणि इथं घरात देवानं धाडलेली तू."

"मला येत नाही," ती म्हणाली. या वेळी शब्द आले, मोडके, पण थांबेनात. "मला हे येत नाही. कधीच येत नव्हतं. ते थांबे म्हणजे बोलणं नाही. ते... पोपट."

दुसरा शब्द तिला येत नव्हता. आतून, कॉटवरून, काका हलक्या आवाजात म्हणाले, "बरं."

काकू कपड्यांची रिकामी पिशवी धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"असं नव्हतं सांगितलंस. आत्ता सांगितलंस तसं नव्हतं."

सकाळी तिघं दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईनं नकारार्थी मान हलवली. काकू हटेनात. थेरपिस्ट बाई जेवायला बाहेर पडल्या तशी काकूंनी त्यांची बाहीच धरली. "दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं बघा ह्यांना." बाई भल्या होत्या. व्हरांड्यातच गुडघ्यावर बसून त्या काकांशी बोलल्या, त्यांचा हात हातात घेतला. मग उठून म्हणाल्या, "पहिले महिने फार मोलाचे असतात..." आणि काकूंचा चेहरा बघून गप्प झाल्या. उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्याकडे वेळ नव्हती. कुणी वेळ सोडली तर फोन करीन म्हणाल्या. काकूंनी नंबर दोनदा सांगितला, आणि वळल्यावर परत जाऊन तिसऱ्यांदा.

झालं ते कळल्यावर संस्थेच्या माणसानं तिच्यासाठी दुसरं घर बघितलं. त्याला वाटलं, तिची सुटका केली. ती बॅग भरत होती तेव्हा काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या. ताट मात्र वाढून झाकून ठेवत.

"दुसऱ्या घरात कोण आहे?"

"माहीत नाही. नवरा-बायको आहेत, धडधाकट."

"तिथं सुखात राहशील."

घडी घातलेला कुडता तिनं उगाच उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"मला तुझा राग आलाय," काकू म्हणाल्या. "जाणार नाही इतक्यात. कदाचित कधीच नाही जायचा."

"हो."

"पण रात्रंदिवस त्या 'बरं'ला उत्तर देत मी एकटी वेडी होईन." त्यांचा आवाज फाटला. "कुणीतरी पाहिजे घरात. तू असलीस तरी चालेल."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. काका कॉटवरून अर्धे खाली घसरले होते. काकू धावल्या, मागोमाग ती. "तू खांद्याकडून धर," काकू म्हणाल्या. तिनं धरलं. पहिल्यांदा जमलं नाही. मग दोघींनी श्वास घेतला आणि पुन्हा उचललं.