शेळीच्या तोंडानं

कुंडीतल्या बोरीचं शेवटचं पान गळालं आणि सुगंधानं कात्री बाहेर काढली. आता आठ-दहा दिवसच हातात होते. नवे डोळे फुटायच्या आत छाटणी झाली, तर जूनच्या प्रदर्शनात बोन्साय ठेवता येणार होतं. हुकली, तर वर्ष गेलं. आणि चुकली तर?

पैठणजवळच्या माहेरच्या गायरानातून हे बूड तिनं खणून आणलं होतं. एका बुडातून सहा खोडं. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा तणावामुळं पुंडलिकनगरातली दारं चार दिवस बंदच होती. त्या दिवसांत तान्ह्या लेकीला, बानूला, मांडीवर घेऊन तिनं यातली एकेक काडी पाठ केली होती. तरी कात्री चालत नव्हती.

"पुस्तकात काय लिहिलंय?" वाळूजच्या कारखान्याला निघालेल्या नवऱ्यानं, बन्सीनं, डबा उचलत विचारलं.

"सगळ्यांत जाड खोड उंच ठेवायचं आणि खोडं विषम संख्येत हवीत. म्हणजे मधलं बारकं काढायचं."

"मग काढ की."

"पुन्हा चिकटवता येतं का ते?"

बन्सी हसत कंपनीच्या बसकडं पळाला.

दुपारी पैठणच्या एसटीनं तिचे वडील आले. मल्हारीआबांच्या बोचक्यात नातीसाठी तूप होतं, आणि शहरात धार लावून घ्यायला मेंढरं कातरायची कात्री. त्यांनी दारातून पाहिलं, लेकीनं डोळे मिटून मधल्या खोडाला कात्री लावली होती.

"आगं आगं! मालकालाच कापती व्हय?"

तिनं डोळे उघडले. "आबा, हेच सगळ्यांत बारीक आहे."

"आसंल. पर शेळीच्या तोंडातून सुटलंय ते एकच हाय."

आणि आबा सरळ दोन्ही हात जमिनीवर टेकून कुंडीभोवती रांगायला लागले! मान वाकडी करून, हनुवटी पुढं काढून. बानू खिदळत त्यांच्या मागं. काट्यांच्या भीतीनं सुगंधानं तिला आधी कडेवर उचललं.

"शेळी बाहीरून येती. कडंचं कडंचं खाती. मधी काटं, तिथं तोंड पोचत नाय. म्हून कडंची ठेंगणी आन् जाडजूड ऱ्हात्यात, मधलं गुमान वर जातंय. आपल्या गायरानातल्या समद्या बोरी आशाच झाल्यात की."

खरंच की! त्या बोरींखाली तिचं लहानपण गेलं होतं, आणि ती बघत बसली होती पुस्तकातली बर्फाळ देशातली झाडं. पोरीला पाळण्यात टाकून, पदर खोचून तीही गुडघ्यांवर आली. त्या उंचीवरून कुंडी एकदम गायरान दिसायला लागली.

"हे दोन एकमेकाला घासतायत, आबा. यातलं एक शेळीनं मोडलं असतं?"

"कवाच!"

कच्. उरली पाच, विषमच! मग थांबणं नव्हतं. कडेची चार आखूड झाली, कमीजास्त उंचीवर. मधलं एकटं वर राहिलं, फक्त त्याचा शेंडा खुडला.

"काय गं, बापलेक चरताय का?" शेजारच्या मनकर्णाकाकू भिंतीवरून डोकावल्या.

तेवढ्यात आबांनी हळद मागितली. मेंढराला कातरताना कात्री लागली की ते हळद दाबतात. हाताला तेच वळण. सगळ्या जखमा पिवळ्याधमक झाल्या.

"हळद लागली, आता लग्न कधी?" काकूंनी विचारलं.

आबा गेले. सुगंधा दिवसातून सहादा कुंडीशी जाई. आठव्या दिवशी कडेच्या चारींवर हिरवे ठिपके आले. मधलं मात्र काळं, मुकं. मालकच मेला का? नववा दिवसही तसाच गेला.

दहाव्या सकाळी ती ओरडली, "फुटलं! मधलंपण फुटलं!"

अर्धी दाढी साबणात घेऊन बन्सी धावत आला. "काय झालं? बानू पडली का?"

"नाही हो! आधी खाली या. अजून खाली. गुडघ्यावर!"