जतच्या माळावर नवे पंख

मार्गशीर्षातली सकाळ. जतचा माळ सुवर्णतृणांनी झळाळत होता. दवबिंदूंत कोवळी किरणं थरथरत होती, आणि वर निरभ्र, नीलनितळ, अथांग आकाश उघडत चाललं होतं.

माळावर दोघंच होती, त्र्यंबक आणि त्याची बायको वृंदा. तिच्या हातांत रिमोटवर उडणारं लाल विमान. धड जुनं, पंख नवे.

जुने पंख श्रावणात मोडले. उभं आयुष्य विमानं उडवणाऱ्या त्र्यंबकला त्या दिवशी समोरची बाभूळ दिसलीच नाही. काटेरी फांद्यांवर पंखांच्या चिंध्या झाल्या, आणि महिनोन्‌महिने लपवलेलं अखेर बायकोला सांगावं लागलं: नजर मावळत चालली होती. डॉक्टरांकडेही इलाज नव्हता. त्यानं विमान घरातल्या माळ्यावर टाकलं आणि आभाळाचं नाव काढणं सोडलं.

वृंदानं ते खाली उतरवलं. पिसासारखं हलकं बाल्साचं लाकूड मागवलं, आणि जन्मात पहिल्यांदा पंख बांधायला बसली. ती कापत होती, घासत होती, चिकटवत होती. पंखांची बरगडीमागून बरगडी उभी राहत होती, शुभ्र, सुकुमार, श्वास घेईल अशी.

तो तिकडे फिरकतही नव्हता. मग एका दुपारी कोवळ्या लाकडाचा गंध घरभर दरवळला, आणि तो भिंत चाचपत आला. पंखांवरून त्याची बोटं वीणेच्या तारांवरून फिरावीत तशी फिरली, आणि थबकली.

"डाव्याला पीळ पडलाय," तो म्हणाला. "असाच उडवलास, तर गिरकी खाऊन पडेल."

त्या दिवसापासून टेबलावर चार हात चालू लागले. दोघांनी वाफ देऊन पीळ काढला. पंखांवर लाल प्लास्टिकची फिल्म इस्त्रीनं ताणून बसवली. रुसलेलं घर पुन्हा बोलू लागलं.

आणि आता ही सकाळ! इंजिन गुरगुरलं. वृंदानं विमान खाली ठेवलं आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे रिमोटची कळ पुढे ढकलली. विमान धावलं, अडखळलं, पुन्हा धावलं. आणि एकाएकी भूमीचा हात सोडून उसळलं, उंच, उंच, अरुणवर्ण, उन्मत्त, उत्फुल्ल! पंख थरथरले, पण टिकले.

ते स्थिरावल्यावर तिनं रिमोट त्याच्या हातांत ठेवला.

"मला दिसत नाही, वृंदा."

"मला दिसतंय. तुम्ही आवाज ऐका, मी सांगते. डावीकडे घ्या. अजून थोडं. आता सोडा."

त्याचे अंगठे हलले. आभाळात इंजिनाचा सूर वळला. दूर गेला, विरळ झाला, आणि वळसा घेऊन पुन्हा घुमत, घुमत जवळ आला. त्र्यंबकचा चेहरा त्या सुरामागे सूर्यफुलासारखा फिरत होता. तो हसत होता, मोठ्यानं, अनावर.

गवतावरून पंख पसरलेली एक चिमुकली सावली सरसरत आली. त्याच्या पावलांवरून गेली, तिच्या पावलांवरून गेली, आणि उन्हाची लाटेमागून लाट ओलांडत, दूर, दूर, क्षितिजाकडे निघून गेली.