हर्षाचा एकच कॅट

साकोलीत टॅरोची पानं वाचणाऱ्या हर्षाकडे पत्त्यांचे चार कॅट होते. एकाचं उत्तर गिऱ्हाइकाला रुचलं नाही, की ती दुसरा काढायची. मग विद्या खोल व्हावी म्हणून तिने तीन वाटून टाकले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आता वर्षभर हाच." शेजारच्या सुंदरबाईला हे फार पटलं. तिच्या मते नवरा बदलता येत नाही, तर पत्ते कायले बदलायचे?

वापरून वापरून पानं मळली. पाठीवरचा डाग न् डाग हर्षाला पाठ झाला, आणि वाईट पान ती गिऱ्हाइकाच्या बोटाखालून अलगद सरकवू लागली. सासू सत्यभामाबाई रोज तिथेच तांदूळ निवडत बसायच्या.

हर्षाला नागपूरला नोकरी लागली, तेव्हा सासूने शेजारणी जमवल्या. "लोकायले सांगतेस, मंग आपल्यासाठी काहून नाई? मीच पान काढतो."

हर्षाने पानं पालथी पसरली. सासूचा हात थेट हळदीचा डाग पडलेल्या पानावर गेला. उलटलं तर डोळे बांधलेली, दोरीने जखडलेली बाई आणि भोवती तलवारी.

सासूने डाग पाहूनच उचललं होतं. पण तसं म्हणावं, तर आपणही डागच वाचतो हे शेजारणींपुढे उघडं पडणार.

"सांग नं बाई, काय म्हणते पान?" सासूने विचारलं.

"जाऊ नको म्हणते," हर्षा म्हणाली.

"पाहा, किती खरं सांगते पोरगी!" सुंदरबाई पुढे सरकली. "आता मायं पान काढ."