सात नंबरचा चाकू

चाकूच्या मुठीला बांधलेल्या चिठ्ठीचा दोरा सैल झाला होता. नृसिंह सरांनी तो पुन्हा आवळला आणि आवळता आवळता स्वतःचंच वळणदार अक्षर वाचलं — क्रमांक सात, बाळासो यल्लाप्पा, वय एकोणीस. वय लिहायची काय गरज होती? पण क्लबचा सेक्रेटरी म्हणजे सगळं कसं टापटीप. समारंभात पोरांनी खाली ठेवलेली बारा हत्यारं, बारा चिठ्ठ्या, क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात मांडायची म्हणून घरच्या टेबलाच्या खणात ओळीनं ठेवलेली... आणि समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आलेलं अभिनंदनाचं पाकीट आपण याच चाकूनं फोडलं होतं, हे आठवून त्यांनी चाकू टेबलावर ठेवला.

समारंभाला सतरा दिवस झाले. बाळासोला जाऊन चौदा.

कल्पना सरांचीच. ओढ्याकाठच्या वस्तीतली पोरं चाकू बाळगतात, वरच्या गल्लीतल्या पोरांशी मारामाऱ्या करतात, कारण हाताला काम नाही. तेव्हा व्यासपीठावर येऊन हत्यार खाली ठेवील त्याला सूतगिरणीत नोकरी. क्लबचे अध्यक्ष हंबीरराव गुळाचे व्यापारी, गिरणीत त्यांचा शब्द चालायचा. सगळं जमून आलं होतं. फक्त आदल्या दिवशी बाळासो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. सर, हत्यार देतो, पर फोटो नको. का रे? वरच्या गल्लीतली बघत्यात की... आणि मी हसलो. हो, हसलोच. म्हटलं, बघू देत, त्यांनाही जरा लाज वाटेल. फोटोशिवाय लोकांना कळणार कसं, असंही म्हणालो. कोणत्या लोकांना?

फोटो पहिल्या पानावर आला. आमच्या दोघांचे हात एकाच चाकूवर, खाली बाळासोचं नाव, आणि शेजारी माझा हसरा चेहरा, कोटावरच्या बिल्ल्यासकट. मी पाच अंक विकत घेतले. तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना वरच्या गल्लीतल्या चौघांनी त्याला ओढ्याच्या पुलावर गाठलं. बाळासोच्या हातात तेव्हा जेवणाचा डबा होता.

सकाळी त्याची आई दारात आली, तेव्हा सरांनी मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती शिव्या देईल, रडेल, आपण खाली मान घालून ऐकून घ्यायचं... पण शेवंताबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मास्तर, त्येचा चाकू द्या."

"चाकू? कशाला?"

"धाकट्या केरबाला भावाच्या जागी गिरणीत घेतलंय न्हवं तुमच्या सायबांनी. उद्यापास्नं पयली पाळी. त्याच पुलावरनं जायाचं हाय त्येला."

"अहो, पण तो कुणाला तरी मारून बसेल..."

"न्हाय मारायचा. पर हाताशी हाय म्हटल्यावर म्होरचा इचार करतोय." ती जायला वळली. "बाळू तुमचं ऐकत हुता. सांजच्याला येते."

एवढंच म्हणाली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

दुपारी क्लबच्या बैठकीला निघताना सरांनी चाकू कोटाच्या खिशात घातला. खणात ठेवला आणि ती लवकर आली तर कालिंदी, त्यांची बायको, दयेपोटी देऊन टाकायची... हे कारण तसं पटण्यासारखं होतं. बैठकीत सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग बटाटेवडे आले.

"वाईट झालं सर, लई वाईट," हंबीरराव म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. "पर काम थांबवायचं न्हाय. वरच्या गल्लीची बारा पोरं तयार हायत, पोलीस मागं लागल्यात न्हवं. म्होरच्या रविवारी घेऊ. फोटोवाल्याला सांगून ठेवलंय."

सर बोलायला उठले, फोटो नको म्हणायला. सगळ्यांनी प्रोत्साहन म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि ते आभार मानून खाली बसले. भित्रा माणूस! हे स्वतःला सांगतानाही त्यांनी आवाज बारीक केला.

परतताना ते मुद्दाम ओढ्याच्या पुलावरून आले. कठड्यावर वरच्या गल्लीतली तिघं-चौघं बसली होती. त्यांतल्या एकानं शेंगांची टरफलं ओढ्यात टाकली आणि वर पाहिलं.

"काय सर, बरं हाय न्हवं?"

नुसतं विचारलं त्यानं. कदाचित सरांचा जुना विद्यार्थीही असेल. पण सरांचा हात खिशात गेला, मूठ सापडली... आणि छातीतली धडधड हळूहळू कमी झाली. श्वास मोकळा झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. बरं वाटलं, इतकं बरं की पूल संपला तरी हात खिशातच होता. आणि तेव्हा त्यांना आठवलं — व्यासपीठावर बाळासोनं चाकू लगेच सोडला नव्हता. फोटोवाला 'एक मिनिट' म्हणाला होता, समोर टाळ्या चालू होत्या, आणि मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला होता. हसत हसत.

शेवंताबाई पायरीवर बसली होती. त्यांना पाहून उठली, पदराला हात पुसला आणि पुढं केला. द्यावा की देऊ नये, हे दिवसभर घोळवत आणलेलं आता कुठल्या कुठं गेलं होतं. तिचा हात समोर तसाच होता, आणि सरांना चाकू सोडवत नव्हता.